आंबिवलीच्या मोकाट कोंबड्यांची मागची व्यवस्था

लिहून ठेवतो गोपीनाथ महादेव चौबळ, जात प्रभू, पूर्वी सरकारी कारकून, हल्ली पेन्शनर, राहणार आंबिवली, तालुका कल्याण, ऐसा जे: माझी बुद्धी शाबूत आहे. चिरंजीव प्रभाकर याविषयी शंका काढील, म्हणून आज सकाळी वैद्यबुवांस नाडी दाखविली व त्यांच्या औषधातील चुकाही काढून दिल्या. कोणाच्या धाकाने वा भिडेने लिहीत नाही.

१. ठाण्याचे घर प्रभाकर यास द्यावे. दारावरची पाटी त्याने आधीच बदलली आहे. आमचे कुटुंब वारल्यावर मी इकडे निघालो, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, वकिलाचे वडील कोंबड्या पाळणार?" मी म्हटले, "जन्म कोर्टात गेला. आता जरा शहाण्या संगतीत राहीन म्हणतो."

२. दागिने व भांडी कन्या सुमती हीस. तिचा नवरा गुरुदत्त, हाही वकीलच, याने ती मोजायला बसू नये.

३. माझी छत्री कल्याणच्या रेल्वेसाहेबाच्या खानसाम्यास. माझी अंडी तोच नेतो, आणि दर खेपेस लहान म्हणून काही परत करतो. छत्री गळते.

४. कोंबड्यांचे कलम लांब आहे. माझ्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या हिंडतात व तिन्हीसांजेस आपणहून खुराड्यात येतात. शेजारी धोंडीबा केणे याची भातशेती असून मध्ये कुंपण नाही. माझी ठिपक्यांची कोंबडी त्याच्या पेंढ्यात अंडी घालू लागली. मी ती अंडी मागावयास गेलो.

"कोंबरी तुमची, पेंढा माजा," धोंडीबा म्हणाला. "मी नाय बोलावली तिला."

"अंडं कोंबडीचं असतं, पेंढ्याचं नव्हे."

"मंग कोंबरी येऊन नेल. तुमी कशाला आले?"

यावर उत्तर सुचले नाही, म्हणून दावा लावला.

माझे वकीलपत्र प्रभाकरने घेतले. धोंडीबास वकील मिळेना, तेव्हा गुरुदत्त धावला. मेहुणे-मेहुणे दिवसा कोर्टात एकमेकांवर ओरडत आणि रात्री एका पंगतीस जेवत. आम्ही वादी-प्रतिवादी तडजोडीचे बोलू लागलो की दोघेही बजावीत, प्रश्न तत्त्वाचा आहे. तत्त्वाची फी दोन्हीकडून एकाच घरात जमा होत होती.

अखेर न्यायाधीशसाहेबांनी कोंबडी हजर करण्याचा हुकूम केला. कोर्ट कोणते ते लिहीत नाही. पेन्शन अजून चालू आहे. टोपलीतून काढताच तिने साहेबांच्या मेजावर अंडे घातले. प्रभाकर म्हणाला, वादीचे. गुरुदत्त म्हणाला, प्रतिवादीचे. साहेब म्हणाले, मेज सरकारचे आहे. कोंबडी व अंडे मुद्देमाल म्हणून कोर्टाचा माल सांभाळणाऱ्या नाझराच्या ताब्यात गेले. पुढल्या तारखेस नाझराने लेखी कळविले की मुद्देमाल हवा न मानवल्याने नष्ट झाला. नाझरास मात्र हवा चांगली मानवलेली दिसली.

परतताना आगगाडीतून कल्याणास उतरून मी धोंडीबाच्याच बैलगाडीत बसलो, दुसरी नव्हती. अर्धी वाट सरली. मग तो म्हणाला, "गुनाची व्हती कोंबरी." मला रडू आले. त्याने तोंड फिरवून बैलांना उगाच शिव्या दिल्या.

घरी येताच त्याची बायको मालन हिने मला उकिरड्याकडे नेले. ज्या अंड्यांवरून आम्ही भांडत होतो, त्यांतले एकही तिने घरात कोणास खाऊ दिले नव्हते. आपल्या खुडूक कोंबडीखाली उबवून घेतली होती. ठिपक्यांची पिल्ले माती उकरीत होती.

"न्या तुमची," ती म्हणाली, "न्हाय तं वकील येतील."

मी निम्मी आणली. ती तिकडे पळत, तिच्याकडची इकडे येत. आज कोणती कोणाची हे सांगवत नाही. प्रभाकर व गुरुदत्त यांचे म्हणणे, हेच तर कोर्टातून ठरवून घेतले पाहिजे.

सबब, सर्व कोंबड्या, खुराडे व आंबिवलीची जमीन मालनबाई भ्रतार धोंडीबा केणे हीस द्यावी. धोंडीबास देत नाही, तो कोंबड्यांशीही वाद घालतो. कोंबड्या कोंडू नयेत. कुंपण घालू नये.

५. याविरुद्ध मुलास वा जावयास दावा लावणे असल्यास माझी हरकत नाही. मात्र दोघांनी कोणाकडूनही फी न घेता भांडावे. या अटीवर दावा उभा राहणार नाही, असा माझा कचेरीतला अनुभव आहे.

येणेप्रमाणे लिहिले व स्वतः वाचून पाहिले. साक्षीस धोंडीबास बोलाविले होते. सहीऐवजी नांगराची निशाणी काढण्यास त्याने बोरू हाती घेतलाही होता. पण जिला लाभ तिच्या नवऱ्याची साक्ष चालत नाही, हे मला वेळेवर आठवले. तसे त्यास सांगितले.

"मंग मी काय करू?"

"काही नको."

"मंग निस्ता बसतो तुमच्यापाशी," तो म्हणाला. बसला आहे.

सही: गोपीनाथ महादेव चौबळ

साक्ष: बाळकृष्ण सदाशिव लेले, शाळेचे पंतोजी
साक्ष: गणू सुतार, निशाणी करवत

मुक्काम आंबिवली, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८०८, व्यय नाम संवत्सर