बोंबलांची दोरी

रविवार, जानेवारी २००९. संध्याकाळ.

काल आत्याचं बारावं झालं आणि आज सकाळीच शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "आता ती गॅलरीतली दोरी काढाल ना? वास तरी जाईल." आई "बघू" म्हणाली. मी तिथेच उभी होते. 'नको' का नाही म्हटलं मी? दिवसभर तेच डोक्यात.

आत्या करंजा हे तिचं समुद्रकाठचं गाव सोडून आमच्याकडे खांदा कॉलनीत आली ती ही दोरी घेऊनच. दर थंडीत तिच्यावर बोंबील वाळत घालायची. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. मला ते कधी जमलंच नाही. "एवढी शिकलीस आणि बोंबील टांगता येत नाय? एकटा टाकलास तर पडनारच. जोडी लाव, बाय!" काकूंनी तक्रार केली की गॅलरीतूनच ओरडायची, "कालवन पाठवते वाटीभर, मग सांग वास कसा हाय तो!" वाटी जायची. रिकामी, धुऊन परत यायची.

दुपारी आत्यावर कथा लिहायला बसले. मरणापासून मागे मागे जाणारी, तुकड्यातुकड्यांची, असलं काहीतरी. खोटी वाटली. फाडली.

आत्ता आईने विचारलं, "काढू या का गं दोरी?"

नाही म्हटलं. उद्या करंजाला जाऊन ताजे बोंबील आणते. जबडे अडकेपर्यंत अडकवत बसेन. पडतील, परत लावेन. आणि वाळले की पहिली वाटी काकूंकडे.