उजवा गुडघा

डमडम, कोलकाता
१८ जानेवारी २०२५

चि. अविनाश,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत. यंदा इथे थंडी बऱ्यापैकी आहे. बाजारात खजुराच्या रसाचा नोलेन गूळ आलाय आणि ह्यांनी नुसती चव बघतो म्हणत अर्धा डबा संपवलाय. मंजुषाचा खोकला कसा आहे? तिने पाठवलेलं मेतकूट पोचलं म्हणावं.

पत्र बघून तू वैतागशील. पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि सप्टेंबरपासून तर फोनही नाही. म्हणून हा कागद.

आधी बातमी. काल दुपारी ऐन ओहोटीला बाबूघाटावर गेले. नदीचं पाणी उतरलं की लाँचच्या धक्क्यावर जायचा लोखंडी पूल घसरगुंडीसारखा तिरका होतो. तो मी उतरले, कठड्याला हात न लावता. ह्यांनी मागून हात पुढे करून ठेवला होता, तोही शेवटपर्यंत घेतला नाही. लाँचमध्ये बसल्यावर एवढ्या मोठ्यांदा हसले की शेजारच्या बाई जरा सरकून बसल्या. सदुसष्टाव्या वर्षी असा आनंद होतो हे मला माहीत नव्हतं.

डावा गुडघा तू केलास, दोन वर्षांपूर्वी. उजव्यासाठीही पुण्याला तुझ्या हॉस्पिटलात खोली राखून ठेवली होतीस, आणि मी इथे हावड्यातल्या एका लहानशा, रंग उडालेल्या हॉस्पिटलात भरती झाले. सख्ख्या बहिणीचा विश्वास नसेल तर परक्यांनी का ठेवावा, असं तू म्हणालास ते मंजुषाने सांगितलं. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकाही म्हणाल्या, बायपासवरची एवढी चकचकीत हॉस्पिटलं सोडून नदीपलीकडे कुठे चाललीस? मी सगळ्यांना सांगितलं, लांबचा प्रवास झेपत नाही, आणि ओळखीच्यांनी सुचवलं. ती थाप होती.

डाव्या गुडघ्याच्या वेळी तू रोज सहा शिकाऊ डॉक्टर घेऊन यायचास, चादर बाजूला करून त्यांना टाके दाखवायचास आणि निघून जायचास. मला खूप दुखत होतं, अवी. भीतीही वाटत होती. एकदा विचारलं, पाय असा जड का वाटतोय? तू म्हणालास, "ताई, तुला काय कळतंय त्यातलं? मी आहे ना." त्यानंतर मी काहीच विचारलं नाही. डॉक्टरच्या बहिणीने रडून कसं चालेल? शिवाय सगळं तू फुकट केलेलं, तक्रार कोणत्या तोंडाने करणार? घरी सोडताना अभिप्रायाचा फॉर्म आला, तेव्हा प्रत्येक ओळीला पाच स्टार देऊन मोकळी झाले. तू तो माझ्या फोटोसकट बाहेरच्या बाकांच्या वर भिंतीला लावलास. एखादी घाबरलेली बाई आजही तो वाचून निर्धास्त होत असेल. मला त्याची लाज वाटते.

इथल्या डॉक्टर शर्वरी घोषाल मला मासिमा म्हणतात, म्हणजे मावशी. पहिल्या दिवशी फाइल उघडायच्या आधी त्या स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या आणि हिंदीत विचारलं, "मासिमा, घुटना ठीक हो जाए तो कहाँ जाना है?" असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ओहोटीला बाबूघाटाचा पूल उतरायचाय, कठडा न धरता. त्यांनी ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं. मग व्यायाम घेणारी मुलगी रोज विचारायची, पूल किती राहिला? दुखलं तेव्हा मी मनसोक्त ओरडले. कुणी रागावलं नाही.

भाऊबीजेला तुझा फोन आला नाही. काठी टेकत गच्चीवर गेले आणि चंद्राला ओवाळलं, भाऊ असून.

आता नीट ऐक. डॉक्टर घोषालनी माझ्या डाव्या गुडघ्याचा एक्स-रे उजेडात धरून बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, इतकं सफाईदार काम क्वचित बघायला मिळतं. माझा ऊर भरून आला. कालचा पूल मी दोन पायांनी उतरले, त्यातला एक तुझा आहे.

सोबत तोच फॉर्म पुन्हा भरून पाठवते आहे. शस्त्रक्रियेला पाच स्टार. 'डॉक्टरांनी तुमचं ऐकून घेतलं का?' याला एक. जुना काढून हा लाव. हा वाचूनही लोक तुझ्याकडे येतील, कारण हात तुझा सोन्याचा आहे. फक्त आता ते प्रश्न विचारतील, आणि तुला थांबावं लागेल.

फेब्रुवारीत ये. ओहोटीची वेळ बघून जाऊ. तू खाली धक्क्यावर उभा राहा, मी वरून चालत येईन. नंतर घरी स्टूल ओढून माझ्यासमोर बस. अजून बरंच सांगायचंय.

एका पायाने तुझी, एका पायाने स्वतःची, आणि दोन्हींवर ताठ उभी असलेली,

ताई