सिंदीहून साहेब गेला त्याची हकीकत

मु. सिंदी (रेल्वे), जुलै १९५५

तीर्थरूप कोकिळाबाई, तुझी धाकटी बहीण अन्नपूर्णा वाकून पाया पडते. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला उतरला असेल आणि वडनेरात पाऊस बरा असेल, असं धरून चालते. आमच्याकडे सगळं ठीक. फक्त घरातला एक माणूस इंग्रज होऊन गेला, तेवढंच सांगायला बसले आहे.

उन्हाळ्यात मुंबईचे सिनेमावाले आले. इंग्रज देश सोडून जातो असा त्यांचा सिनेमा, आणि शेवटचा साहेब गाडीत बसतो तो आमच्या स्टेशनावर. (खरा साहेब इथं कधी उतरलाही नव्हता, पण त्यांना कोण सांगणार?) त्यांचा साहेब होणारा नट आपल्याकडच्या उन्हानं आडवा झाला. मग डायरेक्टरची नजर आमच्या यांच्यावर पडली. रंग गोरा, डोळे घारे, उंची दाराला लागणारी. आता बेचाळीस साली ‘चले जाव’ ओरडून तुरुंगात गेलेला हा माणूस, म्हणून दर पंधरा ऑगस्टला शाळेतला झेंडा यांच्याच हातून चढतो. आधी ‘नाई’ म्हणाले. डायरेक्टर म्हणाला, हरलेला साहेब कसा जातो ते तुमच्यासारख्या देशभक्तालाच दाखवता येईल. झालं. यांनी धोतर सोडलं आणि पाटलोण चढवली.

सगळ्या गावानं ‘चालता हो’ ओरडायचं होतं. गाव मनापासून ओरडलं. फेकायला कापसाचे गोळे दिले होते, पण आमच्या शेताच्या धुऱ्याचा शेजारी नत्थू, त्याच्या हातात ढेकूळ कसं आलं देव जाणे. ते बरोबर पाठीत बसलं. साहेब गर्रकन वळून ओरडला, ‘नत्थ्या, तुले पाहून घेतो!’ डायरेक्टर म्हणाला, वा, काय राग आहे! आवाज आम्ही मागून घालू.

पॅसेंजरच्या डब्यात चढायचं आणि पलीकडच्या दारानं उतरायचं, असं ठरलं होतं. पण हे आत शिरले तर अख्खा बाक उठून उभा! ‘बैठिये, साहब.’ स्वराज्याला आठ वर्षं होत आली, बाई, पण यांना गाडीत बसायला जागा पहिल्यांदाच मिळाली. बसले. गाडी सुटली. यांनी पाय लांब केले. वर्धा आलं आणि गेलं, तरी उठले नाहीत. पुलगावला उतरले तर हमालानं सलाम ठोकला, कोणी खुर्ची आणली, कपबशीत चहा आला. हे सगळं यांनी तोंड उघडेपर्यंत. ‘मले सिंदीले परत जाचं हाय, गाडी केव्हा हाय?’ एवढं म्हणाले मात्र, खुर्ची गेली, उरलेला चहा गेला आणि तिकीट मागण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी पाटलोणीतच घरी पोचले. (सिनेमावाले धोतर घेऊन केव्हाच निघून गेले होते.) माझं हसू आवरेना. हे ताटावर बसले आणि म्हणाले, ‘तुरुंगातून सुटून आलो, तवा कोणी खुर्ची देल्ली नाई.’ मग मला हसता आलं नाही.

आता पंचांनी ठरवलं की यंदा झेंडा नत्थूनं चढवावा. (हा बेचाळीस साली पोलीस आले तेव्हा कुटाराच्या ढिगात लपला होता.) कारण काय, तर साहेबानं झेंडा चढवला तर लोक हसतीन. यांनी पिशवी उचलली आणि चालते झाले.

असो. घरी सगळ्यांना विचारल्याचं सांग.
तुझी अन्नपूर्णा

ता. क. : हे कुठं गेले ते मला ठाऊक आहे. तुझ्याच ओसरीवर बसून भाऊजींशी पत्ते कुटत असतील, आणि हकीकतही तुला सांगून झाली असेल. (ढेकूळ सोडून.) तेव्हा पुढचं जरा मोठ्यानं वाच.
अहो, मी पंचांकडे गेलते. म्हटलं, ‘ज्यानं तुरुंगाची भाकर खाल्ली त्यानंच दोरी ओढावी. नाई तर मी ओढीन.’ त्यांना वाटलं मी भिऊन परत जाईन. म्हणाले, मग तूच ओढ. मी हो म्हणून आले. पण झेंड्याची गाठ मला येत नाही. तेवढी शिकवायला या.

आणखी एक ता. क. : बाई, हे मनातल्या मनात वाच. गाठ मला येते.