राणीचा टाक

४ जानेवारी, रविवार

कारेगावात पोचले आणि चक्क खूश आहे. पुण्यात सगळ्यांनी नाकं मुरडली होती, पण गच्चीवरची खोली हवेशीर आहे, खाली कोथिंबिरीचा वाफा आहे आणि मालकांनी घराला जांभळा रंग देताना कुणाचीही भीड बाळगलेली नाही. मालक पोपटराव. कांदा आणि झेंडू पिकवतात, बोलत नाहीत. बोलायचं सगळं काम त्यांच्या बायकोकडे, शेवंताबाईंकडे. त्यांनी चहा दिला, इतका गोड की दात शहारले.

रांजणगावच्या एका कंपनीत तीन महिन्यांचं काम आहे. कामगारांनी टॅरोची, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांची, पानं उचलायची आणि त्यांच्या आधाराने येत्या वर्षाचा विचार करायचा. भविष्य नव्हे. राजा, माता, संन्यासी, मूर्ख ही आपल्या सगळ्यांच्या आत असलेली आदिरूपं, आणि पान म्हणजे आरसा. हे मी शंभरदा सांगणार, आणि तरी कुणीतरी विचारणारच की मॅडम, पर्मनंट कधी होणार.

७ जानेवारी, बुधवार

विचारलंच. तेही मालकांच्या मुलाने, गोकुळने. तो तिथे कंत्राटावर आहे. त्याला पान आलं मूर्खाचं, आणि पत्त्यांना अक्कल आहे असं मला प्रथमच वाटलं. मॅनेजर राजा, कॅन्टीनच्या मावशी माता, एचआरमधली आसमीन सेविका. माणसांची नावं लक्षात ठेवायची मला गरजच पडत नाही. दुपारपर्यंत सगळी पानं वाटून होतात. माणसं काही फार प्रकारची नसतात.

११ जानेवारी, रविवार

आज सुट्टी. गच्चीवर उन्हात स्वतःच्या वर्षाचा पट मांडला, महिन्याला एक अशी बारा पानं. पहिलंच आलं तलवारींची राणी. हे माझं नेहमीचं पान. शेवंताबाई धुणं वाळत घालायला आल्या, राणीकडे बघत राहिल्या आणि ही कुठली देवी म्हणाल्या. म्हटलं, ही मी.

मग त्यांनी मला खाली देवघरापाशी नेलं. तिथे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले चौकोनी टाक, ओळीने. खंडोबा, हातात तलवार घेतलेली भवानी, आणि कडेला एक साधी बाई. ती पोपटरावांची पहिली बायको. गेली, म्हणून तिचा टाक केला. शेवंताबाई रोज तिला नैवेद्य दाखवतात, आणि आपल्या सवतीच्या सगळ्या आवडीनिवडी त्यांना पाठ आहेत. मला हसू आवरेना. म्हटलं, मग माझंही पान ठेवा की इथे, करा माझी पूजा. त्या गडबडल्या. जित्या माणसाचा टाक बसवत न्हाईत, म्हणाल्या. अशा वेळी मला चेव चढतो. पान मीच खंडोबा आणि सवतीच्या मधे उभं केलं, फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खूप जणांना आवडला.

१४ जानेवारी, संक्रांत

शेवंताबाईंनी मला तिळगूळ दिला आणि पानाला हळदीकुंकू वाहिलं. संध्याकाळी गोकुळ पेढे घेऊन आला, पर्मनंट झाला म्हणून. शेवंताबाई आल्यागेल्याला सांगतायत की राणी लाभली. हे लोक घरात नवा पंखा बसवला तरी आधी त्याला नमस्कार करतील.

२३ जानेवारी, शुक्रवार

भूक लागत नाही. दुपारी कॅन्टीनमधल्या ताटासमोर बसते आणि पोट आधीच भरलेलं असतं. आज मेथीची ढेकर आली. मेथी मी खाल्ली नव्हती. घरी येऊन सहज विचारलं तर शेवंताबाई म्हणाल्या, दुपारी देवांना मेथीची भाजी आन् भाकरी दाखवली व्हती.

योगायोग. पित्त झालं असणार.

३० जानेवारी, शुक्रवार

कंपनीच्या दारात चेहरा ओळखणारं हजेरीचं मशीन आहे. आज त्याला माझा चेहरा दिसेना. आसमीनने दोनदा पुसून पाहिलं. मग तिने वॉचमनला विचारलं, मॅडम आत्ता इथंच होत्या ना, कुठं गेल्या? मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते.

ओरडले तेव्हा ती दचकली आणि सॉरी म्हणाली. गबाळी मुलगी.

८ फेब्रुवारी, रविवार

पान परत मागितलं. शेवंताबाईंना तीनदा हाक मारावी लागली. मग त्यांनी इकडे तिकडे बघत पदर डोक्यावर घेतला, आणि माझ्याशी बोलताना हात जोडले. म्हणाल्या, आता कशी काढू? कांद्याला कवा न्हाई असा भाव घावला, झेंडू सोलापूरपातूर गेला. तुम्ही लाभलात आम्हाला. मी म्हटलं, मी जिवंत आहे, शेवंताबाई. त्यांनी मान हलवली आणि निरांजन लावलं.

मी हात पुढे केला. पानापर्यंत पोचला नाही. मधे काहीच नव्हतं, तरी पोचला नाही. पानातल्या राणीला चष्मा आहे. माझा.

१७ फेब्रुवारी

पुन्हा पट मांडला. मला आयुष्यात पहिल्यांदा खरंच विचारायचं होतं, पुढे काय. जानेवारीचं पान नीट. फेब्रुवारीचं नीट. मार्चचं उलटलं तर चित्र नाही, खालीही पाठच. एप्रिल, तीच नक्षी. मे. सगळी पानं दोन्ही बाजूंनी पाठ.

बहिणीला फोन केला. ती हॅलो, हॅलो करत राहिली. कुणीच बोलत नाही, असं ती नवऱ्याला म्हणाली. मी रडत होते.

२६ फेब्रुवारी

पळून जायचं ठरवलं. सकाळी रस्त्यावर पुण्याची एसटी धरली. कंडक्टरने तिकीट विचारलं नाही. मांडीवर एक बाई बसायला आली, आणि अंग शहारल्यासारखी दुसरीकडे गेली. वाघोली दिसली, जीव भांड्यात पडला—

तेवढ्यात घंटी ऐकू आली. दुपारच्या नैवेद्याची. आणि मी देवघरासमोर. तोंडात वरणभाताची चव—

मला भीती वाटते. लिहून ठेवते, कारण सांगायला कुणी नाही. मला फार भीती वाटते.

५ मार्च

गोकुळ पान घेऊन शिरूरला निघालाय, सराफाकडे. कागद टिकत न्हाई, चांदीत घडवू, असं पोपटराव म्हणाले. ते बोलले, आणि हे बोलले. मी गोकुळच्या गाडीपुढे आडवी उभी राहिले. त्याला नावाने हाक मारली. गोकुळ, गोकुळ, मी पाया पडते तुझ्या—

तो माझ्यातून गेला. आईला म्हणाला, उदबत्तीचा वास येतोय.

१२ मार्च

टाक आला. लहान आहे. हात हलत नाही, उजवा, तलवारीचा. डाव्याने लिहितेय.

कागद चुलीत घातला त्यांनी. माझी पाठ अजून भाजतेय—

आरशात भिंत दिसते.

१९ मार्च, पाडवा

दारात गुढी. नवं वर्ष. गच्चीवरच्या खोलीत नवी मुलगी आली आहे, प्रांजल. तिने माझी गादी उचलून बाहेर ठेवली. खोली हवेशीर आहे म्हणाली. चहा फार गोड आहे म्हणाली. देवघरापाशी आली, आणि ही कोण विचारलं.

शेवंताबाई म्हणाल्या, आमची राणी.

नाव? प्रांजलने विचारलं.

नाव न्हाई म्हाईत.

ऋतिका. ऋतिका. मी ऋति—

पाडव्याला टाक उजळतात. आधी खंडोबा. मग भवानी. शेवंताबाईंच्या हातात चिंचेचा कोळ. मला उचललं. डोळे मिटत नाहीत, मला पापण्या घडवल्याच नाहीत. कोळ डोळ्यांत— आग— राखेने घासतायत, गाल, ओठ— आता पुसलं. थंड. ओळीत ठेवतायत, सवतीशेजारी. ती माझ्याकडे बघतेय. अंगठा येतोय. कुंकवाचा, मोठा, सगळं झाकणारा, माझ्या कपा