दहाची खाच

८ सप्टेंबर, सोमवार
आज पुन्हा एकही चूक नाही. लाकडी फळीतली खाच दहाची, म्हणजे दहा एकक लांब. तीत मी सातची पट्टी बसवते, उरलेली जागा भरणारी पट्टी मुलाने टोपलीतून उचलायची — एकदाच, लावून बघायचं नाही. पाच वर्षांची मुलं. बोटं मोजत नाहीत, ओठ हलत नाहीत, तरी सगळ्यांचं बरोबर.

मावशी फुलून गेली आहे. वर्ग तिचा, पट्ट्या मी कापलेल्या, कारखान्यातून महिनाभर रजा घेऊन. "तुझं इंजिनिअरिंग एकदाचं माणसांच्या कामी आलं," म्हणाली.

मला बरं वाटलं नाही. टूलरूममध्ये एवढ्या नगांतून एकाचंही माप जरासुद्धा चुकलं नाही, तर आम्ही नगांचं कौतुक करत नाही. आधी गेज, म्हणजे मोजायचं साधनच, तपासतो.

१० सप्टेंबर
शाळेची समिती पुढच्या शुक्रवारी येणार. मुलांनी छाप पाडली तर हा वर्ग राहील. नाहीतर मुलं घोकंपट्टीच्या वर्गात आणि मावशी भांडारात, खडू वाटायला. "बसून पगार!" तीच म्हणाली, हसत. हसू ओठांपुरतं.

११ सप्टेंबर
सापडलं.

भोपळा — गोल गालांचा, त्याची आईसुद्धा त्याला भोपळाच म्हणते — टोपलीत वाकला होता. खाचेत सात. टोपलीत तीनच्या दोन पट्ट्या. त्याने एक उचलली, परत ठेवली, दुसरी घेतली. दोन्ही सारख्याच. मीच कापल्यात.

"ती का नको?"

"तिची रेघ दुसरीकडे जाते ना, ताई."

"कुठली रेघ?"

त्याने पट्टी सातला चिकटवली आणि लाकडातल्या तपकिरी रेषेवरून बोट फिरवलं. सातमधून निघालेली रेषा सरळ तीनमध्ये गेली. "ही बघ. तुला दिसत नाही?"

प्रत्येक जोडी मी एकाच काठीतून कापली होती. लाकूड वाया जाऊ नये म्हणून.

मग बाकीच्यांना एकेकटं बोलावून विचारलं, सातात किती घातले की दहा? "ही," म्हणून पट्टी दाखवली. आकडा कुणीही सांगितला नाही.

१२ सप्टेंबर
मावशीला सांगितलं.

"पुढचा शुक्रवार जाऊ दे."

"मुलांना बेरीज येत नाही, मावशी."

"मग शिकवीन की. घोळ तुझ्या लाकडाने घातला, माझ्या मुलांनी नाही." मग — "तुला आकडे कुणी शिकवले गं?"

तिनेच.

१७ सप्टेंबर
नवा संच कापला, निळा रंग दिला. रेषा दिसत नाहीत. आज मुलांपुढे ठेवला. भोपळ्याने पट्टी उलटसुलट करून पाहिली. "ताई, ही बिघडली." एक मुलगी रडायला लागली. मावशीने टोपली उचलून कपाटावर ठेवली, माझ्याकडे न बघता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
मावशीने जुनी टोपली घेतली.

सगळी मुलं बरोबर. समितीच्या अध्यक्षबाई खुर्ची सोडून खाली सतरंजीवर येऊन बसल्या. मला विचारलं, "हे जमवलंत कसं?"

मावशी बघत होती. पदराचं टोक मुठीत.

"सराव," मी म्हटलं.

मला वाटलं होतं मी सांगेन. नाही सांगितलं.

२२ सप्टेंबर
पत्र आलं. वर्ग राहणार. शिवाय, मुलं इतकी पुढे आहेत म्हणून नव्या वर्षी पहिली गाळून थेट दुसरीत बसवायची.

हे कुणीच मागितलं नव्हतं.

भोपळ्याची आई दारातच मावशीच्या पाया पडायला लागली. "बाई, आमच्या घरात कुणाचं डोकं चाललं नाही. याचं चाललं बघा." मावशीने तिला धरून उठवलं. ती गेल्यावर म्हणाली, "दुसरीत हातच्याची गणितं असतात." आणि फळा पुसत राहिली. फळा कोराच होता.

२३ सप्टेंबर
वर्ग सुटल्यावर मावशी भोपळ्याला घेऊन बसली. निळ्या पट्ट्या काढल्या.

"सातात किती घातले की दहा?"

"ही."

"ती पाचची आहे, राजा. किती?"

"मग ही?"

पुन्हा. पुन्हा. तिचा आवाज चढला नाही, तेच ऐकवत नव्हतं. तो शेवटी तिच्या चेहऱ्याकडे बघून पट्ट्या निवडायला लागला. मी उठून बाहेर गेले.

२४ सप्टेंबर
मावशी शाळेत आली नाही. फोन बंद.

२५ सप्टेंबर
ती काल समितीपुढे जाऊन सगळं सांगून आली. मुलं पहिलीतच बसतील. मावशी सोमवारपासून भांडारात. वर्ग वर्षअखेरपर्यंत चालू ठेवायला तयार झाले, पण शिकवणार कोण, असं त्यांनी विचारलं. तिने माझं नाव दिलं. मला न विचारता.

उद्या कारखान्यात सांगावं लागेल, रजा संपली तरी मी येत नाही म्हणून.