फोटोतला पाय

निगडी प्राधिकरण,
बुधवार, सकाळ

तीर्थस्वरूप बन्सीदाजी यांच्या चरणी (विषय चरणांचाच आहे, म्हणून मुद्दाम) धाकटा मेहुणा ज्योतीराम याचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. तिकडची खुशाली आक्काकडून कळते; रविवारी तुमचा रक्तदाब चढल्याचंही कळलं. तुम्ही फोन उचलत नाही, आणि उचललात तर "पोरीला न्यायला येतोय" एवढंच बोलून ठेवता, म्हणून हे पत्र. रोहिणीच्या मांडीवर कुणा तरण्या माणसाचा गुळगुळीत पाय, असा फोटो तुम्ही मोबाइलवर पाहिलात, आणि पोरगी माझ्याकडे राहून ताथवड्याच्या कॉलेजात फिजिओथेरपी शिकते की परक्यांचे पाय चेपते, असा सवाल केलात. सवाल रास्त आहे. फोटोकडे येतोच, पण आधी माझ्या पायाचं ऐका. (त्याची आणि तुमची ओळख जुनी आहे. तुमच्या लग्नात नवरदेवाचा घोडा ज्याच्यावर उभा राहिला, तोच हा उजवा पाय.)

आमच्याकडे चाकणच्या छोट्या कारखान्यांची दरवर्षी कबड्डी असते, पंचेचाळीसच्या पुढच्यांची. पंच शिट्टी वाजवतो आणि बायका डोक्याला हात लावतात. महिन्यापूर्वी कारखान्याच्या आवारात सराव करताना माझा पाय माल रचायच्या लाकडी पॅलेटच्या कडेवर पडला आणि घोटा मुरगळला. टक् असा आवाज आला. (माझे कान तुम्हाला माहीत आहेत. गेटवर उभा राहून कुठल्या मशीनचा नट ढिला झालाय ते मी सांगतो. स्वतःचा नट ढिला झालेला ऐकू येणार नाही होय?) आता मी खोकी बांधणारा माणूस. खोकं जितकं घट्ट, तितका माल शाबूत, हे माझं पंचवीस वर्षांचं शिक्षण. घोट्याला तपकिरी चिकटपट्टीचे सात वेढे मारले, वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळली. अर्ध्या तासात पाय भरताच्या वांग्यासारखा झाला. आमचा सुपरवायझर धोंडीबा बघून म्हणाला, "मालक, आता नुसता पत्ता चिकटवायचा राहिलाय."

रोहिणीनं कात्रीनं मला सोडवलं. दाजी, तुमची पोरगी बोलते कमी, पण त्या दिवशी अशी बोलली की आक्काच समोर उभी आहे असं वाटलं. दोन आठवडे खेळ बंद, बर्फ, आणि सूज उतरल्यावर एका पायावर उभं राहायचा व्यायाम. (कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी बगळ्यासारखा ओट्याला धरून. आमची सौ. विजयश्री चौथी शिट्टी मुद्दाम होऊ द्यायची.) सामन्याच्या सकाळी रोहिणी म्हणाली, "मामा, आता टेप लावू." आधी वस्तऱ्यानं गुडघ्याखालचे केस काढले, मग पातळ फोम, मग खास पांढरी टेप: टाचेखालून घोड्याच्या रिकिबीसारखी वर, मग आठाच्या आकड्यासारखी फिरवून. मी म्हटलं, अजून आवळ की. तर म्हणाली, "आवळायचं नसतं मामा. पाय वाकडा जायला लागला की त्याला आठवण करून द्यायची असते, एवढंच. बोटं हलवा. मुंग्या येतायत?" बोटांची नखं दाबून रक्त परत येतंय का तेही बघितलं. एवढ्या मायेनं माझी चौकशी गेल्या दहा वर्षांत कुणी केलेली नाही. (हे वाक्य विजयश्रीला दाखवू नका.)

पुढे खरी गंमत. मैदानाकडेला मी बुटाची नाडी बांधत होतो, आणि पलीकडे समोरच्या संघाचा कप्तान भिवा (चाकणजवळच्या खेड्यातला, दंड माझ्या मांडीएवढा) आपल्या पोरांना सांगत होता, पोरं म्हणजे पन्नाशीचीच: "मालकाचा एक घोटा गेल्याला हाय. जिथं पट्टी दिसंल, त्योच पाय धरायचा. सोडायचा न्हाई." मी नाडी अर्धवट सोडली. रोहिणीच्या टेपेवर मोजा वर ओढला, गाडीतून कारखान्याची लाल पट्टी आणली आणि धडधाकट डाव्या पायाला गुंडाळली. तिच्यावर ठळक छापलेलं असतं: 'सांभाळून हाताळा', आणि शेजारी काचेच्या पेल्याचं चित्र. रोहिणी रागावली, "मामा, ही फसवणूक आहे." मी म्हटलं, यात खोटं काय लिहिलंय?

शेवटच्या चढाईत बरोबरी होती. मी आत शिरलो, भिवानं झडप घालून डावा पाय धरला. पण डाव्यात बैलाचा जोर आणि उजवा रोहिणीच्या टेपेत भक्कम रोवलेला. भिवाला लोढण्यासारखा ओढत मधल्या रेषेला हात लावला. जिंकलो. भिवा धूळ झटकत म्हणाला, "मालक, तुमचा माल लई फसवा हाय, राव!" आणि लगेच रोहिणीसमोर खांदा घेऊन उभा राहिला, "ताई, हितं पन कायतरी लावा की." तिनं त्यालाही तपासलं, टेप न लावता व्यायाम सांगितला. टेप कुठे लावायची नाही हेही तिला कळतं, दाजी.

(लाल पट्टी काढताना डाव्या पायाचे केसही गेले. हल्ली माझे पाय नवरीसारखे दिसतात.)

आक्काला माझा नमस्कार, आणि तुमच्या रक्तदाबाला विनंती की पत्र संपेपर्यंत थांबावं.

तुमच्या शब्दाबाहेर आजवर कधीच न गेलेला (आणि आता पहिल्यांदाच जाणारा),
ज्योतीराम

ता.क. : जिल्ह्याच्या मुलींचा कबड्डी संघ महिनाभर सरावाला नाशिकला चाललाय. सोबत शिकाऊ फिजिओ म्हणून रोहिणीची निवड झालीय. बावीस वर्षांची आहे, वडिलांची सही लागत नाही. पण तुमच्या सहीशिवाय जाणार नाही म्हणते. तो फॉर्म पुस्तकातून काढते, घडी उलगडते, पुन्हा ठेवते. कागदाचा तो आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो. फॉर्म सोबत जोडलाय. पेन्सिलीनं फुली केलीय, तिथे सही करा, आणि रविवारी न्यायला नका येऊ, पोचवायला या.

आणखी ता.क. : तो फोटो सामन्याच्या सकाळी विजयश्रीनं काढला, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर मीच टाकला. चेहरा कापून टाकला, कारण वस्तरा लागल्यामुळे तो रडवेला होता. विश्वास नसेल तर चष्मा लावून त्या तरण्या पायाच्या अंगठ्याचं नख बघा. अर्धंच आहे. उरलेलं अर्धं कुठे गेलं, ते तुमच्या घोड्याला विचारा.