बिनवासाची पेटी

सर, तुम्ही गेल्यानंतर काकूंनी देवघराखाली ठेवलेली तुमची फुलपाखरांची पेटी मी गेल्या महिन्यात उचलून नेली. त्यांना विचारूनच नेली, पण खरं कारण सांगितलं नाही. ते तुम्हाला सांगावं असं वाटतं.

भूकंपात कॉलेजच्या संग्रहालयाची भिंत तडकली, तेव्हा कीटकांच्या पेट्या तुम्ही घरी आणल्यात. घरात झोपायची लातुरात कुणाची छाती होत नव्हती. अंगणात पत्र्याचं शेड, त्यात तुम्ही, काकू, चूल आणि त्या सगळ्या पेट्या. मी लोह्याकडच्या खेड्यातून शिकायला आलेला, तुमच्याकडेच जेवणारा. वाळलेल्या किड्यांना केसाळ अळी लागते, टाचणीखाली बारीक भुसा पडतो. ती लागू नये म्हणून कोपऱ्यांत डांबरगोळ्या. पत्रा तापला की त्या भराभर विरायच्या. सकाळ झाली की तुम्ही एकेक पेटी उघडता, दूध नासलं का बघावं तसं नाक आत घालता, वास मंद वाटला की आणखी मूठभर टाकता. माझी पूजा चुकेल, तुमचा हा नेम चुकत नाही.

"सर, डोकं लई दुखायलंय," मी एकदा म्हणालो.

"गावाकडं कापसावर फवारताना दुखत न्हाई व्हय रे?"

काकू भाकरी थापत होत्या. "भाकरीला बी त्योच वास. किडे टिकतेत, आपलं बघा."

आपण तिघंही हसलो.

मग काकूंचे डोळे पिवळे झाले, त्यांना उठवेना. भूकंपाच्या धास्तीनं कावीळ झाली, असं सगळे म्हणाले. तुम्ही विज्ञान शिकवणारे, पण गावाकडून कावीळ उतरेल तशी लांबणारी माळ आणून त्यांच्या गळ्यात घातलीत. पेट्या उशाशीच राहिल्या. पुढे भिंत दुरुस्त झाली, पेट्या कॉलेजात गेल्या, काकू हळूहळू सुधारल्या. तोवर माळही लांबत गुडघ्यापर्यंत आली होती. श्रेय तिलाच मिळालं. डांबरगोळ्यांच्या वाफेनं काही माणसांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, डोळे पिवळे होतात, हे मी फार उशिरा वाचलं. काकूंचं तसंच झालं होतं का, हे आता कुणी सांगू शकणार नाही.

निवृत्त होताना फुलपाखरांची तेवढी एक पेटी तुम्ही घरी आणलीत; कॉलेजातली तुमची कपाटं आता कुणी उघडत नाही. माझाही दिवस कोचिंग क्लासमध्ये अचूक पर्याय शिकवण्यात जातो. तुमच्या माडीवर क्लाससाठी आलेली उमरी-भोकरची पोरं भाड्यानं राहतात. त्यांच्या गलक्याला कंटाळून काकू खिडकी लावून घेतात, आणि त्या कोंदट खोलीत तुमचा नेम त्यांनी चालू ठेवला होता. पुन्हा डोळे पिवळसर दिसले तेव्हा मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं आणि त्या बाहेर गेल्यावर डॉक्टरांना गोळ्यांचं सांगितलं. आधी त्या बंद करा, ते म्हणाले.

पेटी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवली. थंडीनंही अळी मरते, विष लागत नाही. परवा परत नेऊन दिली.

"काकू, आता गोळ्या लागत न्हाईत. नवी पद्धत हाय."

त्यांनी झाकण उघडलं, तुमच्यासारखंच नाक आत घातलं. मग बोटानं रिकामे कोपरे चाचपले.

"फुलपाखरं हायेत रे," त्या म्हणाल्या, "पण ते न्हाईत."

मग कपाटातून गोळ्यांची पुडी काढून माझ्या हातात दिली. "घे. लांब टाक."

जुन्या काविळीचं मी त्यांना कधीच सांगणार नाही. आणि सर, ती पुडी अजून टाकलेली नाही. स्कूटरच्या डिकीत आहे. सकाळी पूजा आटोपली की खाली जाऊन एकदा डिकी उघडतो.